पांढरी पावलं

दिवाळी पंधरा दिवसांवर आली तेव्हा मानमोडीच्या तापानं औरंगाबाद शहर आडवं पाडलं. गुलमंडीमागच्या बोळात बद्रीनाथच्या घरी भिंती पोतारायला पांढरी माती घंगाळात भिजत घातली होती, ती तशीच राहिली. बद्रीनाथनं बायकापोरांना बैलगाडीत घातलं आणि फुलंब्रीच्या शेतात झोपडी बांधून राहिला. त्याची आई मनकर्णाबाई तापानं फणफणलेली; गाडीचे हिसके तिला सोसले नसते. तिला त्यानं थोरल्या चुलतीच्या, चतुराबाईच्या, हवाली केलं.

चतुराबाईला मनातून हसू आलं. शहात्तर वर्षांची ती, पण तिला साधी शिंकही आली नव्हती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी असाच ताप शहरात शिरला होता. चतुराबाई आणि तिचा नवरा एकाच दिवशी अंथरुणाला खिळले. धाकटी जाऊ मनकर्णा त्याच दिवशी नवरा-लेकरं घेऊन पिशोरला माहेरी पळाली. पाणी द्यायलाही घरात कुणी उरलं नाही. नवरा गेला, चतुराबाई वाचली. तेरावं उरकल्यावर मनकर्णा आली आणि उंबऱ्यात उभी राहून सगळ्या भावकीदेखत म्हणाली, "पांढऱ्या पायाची हाय ही." तो शब्द चिकटला तो चिकटलाच. घरात लग्नं झाली, बारशी झाली. दुसऱ्या विधवा निदान स्वयंपाकाला तरी असायच्या. चतुराबाईला मात्र कोठीच्या खोलीत बसवून कडी लावत.

गयास हकीम नाडी बघायला आले. गल्लोगल्ली फिरून ते चक्रावले होते. तिशीच्या आतले गडी दोन दिवसांत दगावत होते आणि साठी-पंचाहत्तरीचे कितीतरी म्हातारे उठून भाकरी मागत होते. मागचा ताप ज्यांच्या अंगातून गेला त्यांना हा ओळखून सोडून देत असावा, असा त्यांचा अंदाज. त्यांनी विचारलं, "इनकू पिछला बुखार नहीं आया था क्या, अम्मा?"

"कसा येईल? पळाली होती ना," चतुराबाई म्हणाली.

हकीम गेले. पाणी मागत मनकर्णाबाई कण्हत राहिली आणि चतुराबाई तांब्या हातात धरून बराच वेळ बसली. नाही दिलं तरी विचारणारं कुणी नव्हतं. पण ही मेली, तर पांढऱ्या पायाचीनं हिलाही खाल्लं असं भावकी म्हणणार. शब्द तिच्याबरोबर जळणार नव्हता, उलट पक्का होणार होता. तो जिनं लावला तिनंच काढायला हवा होता, आणि त्यासाठी ती जगायला हवी होती.

चतुराबाई उठली, दाराशी ठेवलेल्या पांढऱ्या मातीच्या घंगाळात दोन्ही पाय बुडवले आणि सारवलेल्या जमिनीवरून अंथरुणापर्यंत चालत आली. पांढरी पावलं उमटली. मग तिनं पाणी पाजलं.

तेव्हापासून दर खेपेला तेच. हौदावरून पाणी आणायचं, पेज शिजवायची, पाय बुडवायचे, अंथरुणाभोवती एक फेरी घालायची आणि विचारायचं, "सांग, कुणाच्या पायानं जगतीस?"

मनकर्णाबाई डोळे मिटून घ्यायची. चौथ्या दिवशी तिनं दात आवळले. तुझ्या हातचं नको, मरू दे, म्हणाली. चतुराबाईनं तिचं नाक चिमटीत धरलं, तोंड उघडलं तशी पेज आत ओतली.

"मरू देत नाय तुला," ती म्हणाली. "लई सोपं हाय ते."

दहाव्या दिवशी ताप उतरला, पण उत्तर काही आलं नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी गाडी दारात आली. बद्रीनाथची बायको आवडाबाई उंबऱ्यातच थबकली. दारापासून आतपर्यंत पावलंच पावलं. तिनं हात जोडले. "आत्याबाई, एवढ्या दुखण्यात लक्ष्मीची पावलं कुणी काढली?"

मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं चुलीकडं पाहिलं. चतुराबाई फुंकणी हातात धरून नुसती तिच्याकडं बघत होती. लक्ष्मीचीच म्हटलं असतं तर सुटका होती. पण लक्ष्मीच्या नावानं खोटं बोलायला मनकर्णाबाईची जीभ वळेना.

"लक्ष्मीची न्हाईत," ती शेवटी म्हणाली. "थोरलीची हायत. तिच्याच पायानं जगले मी."

आवडाबाई गोंधळली आणि ओलं फडकं घेऊन पुसायला वाकली.

"राहू दे," चतुराबाई म्हणाली. "संध्याकाळी पूजेला भावकी येईल. कुणाची पावलं म्हणून जो विचारील, त्याला तुझी सासूच सांगंल. एकेकाला."

मनकर्णाबाईनं मान खाली घातली. चतुराबाई घंगाळाकडं गेली. उंबऱ्यातली पावलं पुसट झाली होती.