स्पीतीची गाडी

हिरव्या गाडीला मागचे दरवाजेच नव्हते. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून, वरच्या दांडीला धरून आत शिरावं लागत होतं. अंबुजाबाईंनी एक पाय वर टाकला आणि त्या तशाच थांबल्या.

"वहिनी, तुम्ही पुढे बसा. मी मागे जातो," प्रणेश उतरू लागले.

"तू बस रे. तुला गिअर बघायचेत ना," चिदंबरराव स्टिअरिंगमागून म्हणाले. "ती बसेल. अल्वा, अंबुजा? बसशील ना?"

गाडी चालवून बघायला द्यायला आलेली शोरूमची यशस्विनी आधीच मागे बसली होती. तिनं हात दिला तेव्हा अंबुजाबाई आत गेल्या.

रिंग रोड ओलांडून गाडी बंद पडलेल्या खाणीच्या रस्त्याला लागली. सकाळी त्याच दगडांवरून शोरूमच्या दुसऱ्या, पांढऱ्या गाडीतून जाताना अंबुजाबाई खिडकीतून खडक बघत होत्या. आता पहिल्याच खड्ड्याला पाठीतून कळ उठली आणि डाव्या पायात उतरली. पाठीच्या ऑपरेशननंतर एवढी कळ आली नव्हती. त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढे चिदंबरराव आणि त्यांचे ऑफिसातले जुने सोबती प्रणेश लहान मुलांसारखे हसत होते.

"ही गाडी, बघ," चिदंबरराव म्हणाले. "हिला गाडी म्हणायचं."

उत्तरेकडच्या उंच डोंगरांतल्या स्पीतीला जायचं हे मुळात अंबुजाबाईंच्या मनातलं. मुलींच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. एवढ्या उंचावरच्या दगडांत समुद्रातल्या जिवांचे ठसे सापडतात, हे सांगताना दर वर्षी त्यांचा आवाज बदलायचा. कानडी मुलखातल्या चामराजपुरमच्या घरात पेपर तपासता तपासता त्यांनी ते नवऱ्यालाही सांगितलं होतं. वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर चिदंबरराव आपण होऊन म्हणाले, "जाऊया. आपल्या गाडीनं, इथून थेट." त्या दिवशी अंबुजाबाईंना स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले होते.

मग चिदंबररावांनी मोबाइलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली. कुठल्या गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच, कुठली किती खोल पाण्यातून जाते, टायर कसे हवेत. जेवतानाही तेच. स्पीती मागे पडत गेलं आणि गाडी पुढे आली.

दोन्ही गाड्या बघून आल्यावर संध्याकाळी कॉफी घेताना अंबुजाबाईंनी विषय काढला.

"पांढरी घेऊया. माझ्या पाठीला ती सोसते."

"ती गावातली गाडी गं. ओढ्यात मध्येच बसेल."

"तिथं सरकारी बससुद्धा जाते."

"बसनंच जायचं तर मी गाडी कशाला घेऊ?"

"तेच विचारते."

चिदंबररावांनी विरघळलेली साखर पुन्हा ढवळली.

"हिरव्या गाडीतून मला येता येणार नाही, हे कळतंय ना तुम्हाला?"

"डॉक्टरांनी तसंही तुला लांबचा प्रवास बेडा, नको म्हणूनच सांगितलंय. प्रणेश येतो म्हणतोय सोबत."

"त्यांना आधीच विचारलंत?"

"सुम्ने, सहज. बोलता बोलता."

अंबुजाबाईंनी दोघांच्या कॉफीच्या लोट्या उचलल्या आणि आत नेऊन धुतल्या.

हिरवी गाडी आली. मागची सीट काढून तिथे पाण्याची टाकी, शेगडी आणि झोपायला फळी बसवली. अंबुजाबाईंनी गाडीला हळद-कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली, वाटेसाठी चटणीपुडी आणि चकल्या डब्यांत भरून दिल्या. गल्लीतल्या बायका विचारत, "तुम्ही नाही जात?" त्या म्हणत, "माझी पाठ." ते उत्तर सगळ्यांना पटत होतं.

पोचल्यावर चिदंबररावांचा फोन आला. वाऱ्यानं आवाज तुटत होता.

"अंबुजा, एका ठिकाणी चाकं बुडाली पाण्यात. हिला काही नाही. पांढरी असती तर संपलंच होतं."

"डोंगर कसे आहेत? थर दिसतात का? तिरके, घडी घातल्यासारखे?"

"डोंगर ना? आहेत की. सगळे डोंगरच आहेत इथे. थांब, फोटो टाकतो."

फोटो आले. पुलावर हिरवी गाडी. मठाच्या पायथ्याशी हिरवी गाडी. ओढ्यात हिरवी गाडी, बॉनेटवर हात ठेवून चिदंबरराव.

अंबुजाबाईंनी चष्मा लावला. दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि गाडी हळूहळू सरकवत पडद्याबाहेर घालवली. मागच्या डोंगराचा एक तुकडा उरला. थर होते, पण एवढं मोठं केल्यावर त्यांचे नुसते तपकिरी ठिपके झाले होते. त्या ठिपक्यांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

मग त्यांनी पुढचा फोटो उघडला आणि त्यातली गाडी सरकवायला घेतली.