तीनशे बारा राव

पापनाशम गावची भुवना इथे कॉलेजात शिकते; मला पाट्टी, म्हणजे आजी म्हणते. ती दारात उभी राहून म्हणाली, "पाट्टी, युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत तुमच्या यजमानांचं नावच निघत नाही."

मी फिल्टर कापीचा पेला खाली ठेवला. यजमानांनी कावेरीच्या कालव्यांवर दोन पुस्तकं लिहिली. ती आणि त्यांची आणखी दीडशे पुस्तकं मी लायब्ररीला दिली होती, एका अटीवर. जो कोणी त्यांचं नाव घेऊन येईल, त्याला ती मिळाली पाहिजेत. त्यांनी हाताने लिहिलेल्या वह्या तेवढ्या घरी पेटीत ठेवल्या. इतका भरवसा कुणाचा धरायचा? आणि ती लायब्ररी सांभाळते कोण? माझीच सून, सुप्रभा.

दुसऱ्या दिवशी तांदळाच्या चार रिकाम्या गोण्या घेऊन मी ऑटोने गेले. ऑटोवाल्याला म्हटलं, "थांब. पुस्तकं परत न्यायचीत."

गोण्या बघून सुप्रभाचं तोंड उतरलं. "अम्मा, पुस्तकं कपाटातच आहेत."

"माणूस घरात असून हाकेला ओ देत नाही, तर लोक काय समजतात?"

तिने कंप्यूटरवर यजमानांचं नाव टाकलं, 'गोपालकृष्ण'. कोणी नाही. 'राव' टाकलं तर तीनशे बारा राव आले, कुठले कुठले डॉक्टर, वकील, आणि त्यांच्या गर्दीत खाली कुठेतरी माझे यजमान: 'राव, एस. जी.' एस. म्हणजे माझे सासरे शेषाद्री. आमच्यात बापाचं अक्षर आधी, मग माणसाचं नाव, आणि राव लागतो तो मानाचा. इथे मान राहिला आणि माणूस एका अक्षराचा झाला.

"हे शहाणपण कुणाचं?"

सुप्रभाने सांगितलं. कंपनीचा प्रोग्राम परवडत नाही, म्हणून तीन युनिव्हर्सिट्यांच्या लायब्रऱ्या मिळून आपलाच एक प्रोग्राम तयार करतात. एक केरळची, एक महाराष्ट्रातली, एक आपली. कुणी कुणाला विकत नाही. नावांचा भाग महाराष्ट्रातल्या नितीनने लिहिला. त्याच्या हिशेबी शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, बाकीच्यांचं नुसतं पहिलं अक्षर.

"तू काही बोलली नाहीस?"

"मराठी नावं त्यांना जास्त कळणार, अम्मा."

"साडेतीनशे वर्षं आपण इथे कावेरीकाठी मराठी बोलतो, ते काय त्यांच्याकडून उसनं आणून? लाव फोन."

नितीन फोनवर फार नम्र. "आजी, तुमचं मराठी किती गोड..."

"गोडाचं नंतर बघू. लग्नात सुनेचं नाव बदलतात, ठाऊक आहे. गेलेल्या पुरुषाचं नाव बदलायची चाल तुमच्याकडे कधी निघाली?"

तो हसला. "चूक माझी. पण आजी, हे जितकं आमचं तितकंच तुमचं. सगळं सुप्रभाताईंसमोर उघडं आहे. त्यांनी दुरुस्त करून पाठवावं; आम्ही तपासून तेच वापरू. वर्षभर विचारतोय मी, काही खटकतंय का म्हणून. त्या 'सगळं छान' एवढंच लिहितात."

मी फोन ठेवला आणि सुनेकडे बघितलं. "विरजण तिघांचं एकच ना? मग त्यांच्याकडे आंबलं म्हणून आपणही मुकाट्याने आंबट दही खायचं?"

तिने मान खाली घातली. पण कान लाल झालेले मला दिसले. बरं वाटलं, निदान राग तरी येतो.

"शुक्रवारपर्यंत," मी म्हटलं, आणि गोण्या घेऊन रिकामीच घरी आले.

शुक्रवारी मी भुवनालाही सोबत नेलं. आता नाव चढवताना कंप्यूटर आधी विचारतो, या माणसाला कुठल्या नावाने शोधायचं. भुवनाने 'गोपालकृष्ण' टाकलं. आले, पहिल्याच ओळीत, आणि खाली त्यांची दोन्ही पुस्तकं. केरळवाल्यांनीही सुप्रभाचीच दुरुस्ती घेतली. नितीनने लिहिलं होतं की त्यांच्याकडेही आपल्या बाजूचे अकरा लेखक असेच रावांत अडकले होते, ते सुटले.

"अकराच?" मी म्हटलं. सुप्रभा हसली. माझ्यासमोर ती फारशी हसत नाही.

सोमवारी पुन्हा गोण्या काढल्या. ऑटोवाला तोच. "पाट्टी, आज तरी पुस्तकं परत आणायची ना?"

"जास्त बोलू नकोस. उचल," मी म्हटलं. "जपून. पेटीतल्या वह्या आहेत."