लेकीच्या घरचा करंट

कोल्हापुरात शाहूपुरीत सोमलिंगआप्पांचं विजेच्या मोटारींचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या, पाणी उपसणाऱ्या मोटारी. अख्खा जन्म माणसानं मोटारी विकाव्यात आणि साठीला टेकल्यावर स्वतःच विजेच्या मोटारीत जाऊन बसावं, याला देवाची करणी म्हणायची का डोक्याचा फेर, ते शिवम्माला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. नवऱ्याला विचारायची सोय नव्हती. नवऱ्याला विचारलं की तो माहिती द्यायचा.

साल दोन हजार सहा. लाईट असायची कमी आणि नसायची जास्त. गावोगाव लोक सकाळी देवाच्या आधी भारनियमनाचं वेळापत्रक बघायचे. अशा दिवसांत आप्पांनी बेंगळुरूहून विजेवर चालणारी चारचाकी आणली. ऐन दुष्काळात होडी विकत घ्यावी तसलाच प्रकार. गाडी एवढीशी, दोन दारांची, पुढं दोन माणसं बसली की मागं फार तर भाजीची पिशवी बसायची.

"पेट्रोल न्हाय, धूर न्हाय, गेर न्हाय, आवाज न्हाय," आप्पा गल्लीला सांगत होते.

"आणि अक्कल?" असं शिवम्माच्या अगदी ओठावर आलं होतं. पण गल्ली जमली होती, म्हणून तिनं गिळलं. शेजारच्या जोतीरामनं तेवढ्यात विचारलंच, "आप्पा, सेल किती बसत्यात हो हिला?" आप्पा त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

कंपनी म्हणायची, एकदा भरली की ऐंशी किलोमीटर पळते. कंपनी म्हणायची ते गाडीनं काही ऐकलेलं नव्हतं. पहिल्याच फेरीला दोघं बिद्रीला गेले आणि परत येताना उसाच्या ट्रॅक्टरला दोर बांधून आले. पुढं ट्रॅक्टर, मागं ट्रॉली, ट्रॉलीमागं गाडी आणि गाडीत स्टेरिंग धरून बसलेले आप्पा. रस्त्याकडंची माणसं हात करायची, तर हे उलट हात करायचे. नाद खुळा! शिवम्मानं पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता.

पण तिचं खरं दुखणं गाडी नव्हती. दुखणं होतं दानेश्वरी.

एकुलती एक लेक तीन वर्षांमागं गडहिंग्लजच्या पलीकडं एका गावात दिली होती. जावई महांतेश शेतीवाडी बघणारा, गरीब स्वभावाचा. व्याही प्रभुलिंग मोठ्यानं हसणारा, भला माणूस. सगळं सोन्यासारखं. पण आप्पांच्या घराण्यात एक रीत होती: लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. तिच्याच घरचं कशाला, तिच्या गावचंसुद्धा नाही. आप्पा वर्षातून दोनदा जायचे, ओसरीवर बसायचे, समोर गूळ-पाणी आलं की दोन्ही हात जोडायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "आमच्यात चालत न्हाय. नातू हुंदे, मग हांडाभर पितो." आणि हसायचे. त्यांना वाटायचं, आपण लेकीचा मान राखला.

आप्पा हसत असायचे तेव्हा ओसरीवरच्या सगळ्या बायका दानेश्वरीच्या पोटाकडं बघायच्या. पोरीला दोनदा दिवस राहिले होते आणि दोनदा गेले होते.

यंदा तिच्या गावच्या जत्रेच्या आदल्या आठवड्यात तिनं फोन केला. आवाज कोरडा होता. "अव्वा, जत्रंला तू एकटी ये. आप्पांना आणू नको."

"अगं, बाप हाय तुझा."

"म्हणूनच. आमच्या सगळ्या नणंदा येणार हाईत. त्यांच्यासमोर आप्पांनी पाणी नको म्हटलं, की मी पुन्यांदा वांझोटी ठरते. परत्येक डावाला किती सोसायचं ग?" आणि तिनं फोन ठेवला.

ते बोलणं शिवम्मालाही लागलं. कारण पाणी ती स्वतःही पीत नव्हती. रीत नवऱ्याची, पण कोरडा घसा दोघांचा. तिनं आप्पांना नीट, गोडीत सांगून बघितलं. आप्पांनी अर्धंच ऐकलं, आणि जे ऐकलं ते गाडीचं होतं. "जत्रा? मग गाडीनंच जायचं की! सत्तर किलोमीटर. लांबचा पल्ला झाल्याबिगर गाडीची किंमत कळत न्हाय लोकांस्नी." लगेच व्याह्यांना फोन लावला. "पावणं, सोमवारी येतोय! विजेची मोटार घेऊन येतोय!"

पलीकडून प्रभुलिंग एवढ्या मोठ्यानं खूश झाला, की आप्पांनाही जरा नवल वाटलं.

सोमवारी सकाळी निघाले. उचगाव मागं टाकलं, कागल गेलं, निपाणी आली. तोवर आप्पा राजे होते. एकेक ट्रक त्यांना मागं टाकून जात होता आणि ते म्हणत होते, "बघ, किती धूर सोडतोय बिचारा." मग तवंदीचा घाट लागला आणि गाडीनं मान टाकली. बॅटरीचा काटा असा खाली सरकायला लागला, की शिवम्माला बघवेना.

"पंखा बंद कर," आप्पा म्हणाले. केला. "रेडिओ?" तो लावलाच नव्हता. "वजन कमी करायला पायजे."

मे महिन्याच्या उन्हात शिवम्मा उतरली आणि लेकीसाठी केलेल्या गूळ-सुक्यामेव्याच्या करदंटाचा डबा काखेत मारून घाट चढायला लागली. गाडी तिच्या शेजारनं चालली होती. अगदी शेजारनं, पुढं जायची तिच्यात ताकद नव्हती. एका ट्रकवाल्यानं थांबून विचारलं, "काकू, सोडू का वरपर्यंत?" आप्पांनी काचेतून त्याला हाकललं. पुढच्या वळणावर त्यांनी आणखी वजन शोधून काढलं. मागं घरच्या पाण्याचा मोठा कॅन होता. लेकीच्या गावी प्यायचं नाही, म्हणून दरवेळी बरोबर न्यायचे तो. आप्पांनी तो उचलला आणि कठड्यावर ठेवून दिला.

"अवं, पाणी कशाला काढताय?"

"वीस लिटर म्हंजे वीस किलो! शास्त्र हाय त्येला!"

हौसेला मोल नसतं म्हणतात. तहानेला असतं, पण ते नंतर कळतं.

गावात शिरता शिरता गाडी अखेरचे आचके देत होती. प्रभुलिंगाच्या अंगणात उताराला लागली म्हणून पोचली, एवढंच. अंगणात बघतात तर काय, चांगली गर्दी. चार दांडगे गडी बाह्या सारून उभे. एकाच्या खांद्यावर दोरखंड, एकाकडं बांबू.

"बर्री, बर्री! या, या!" प्रभुलिंग पुढं आला. गाडीत वाकून बघितलं, मागं बघितलं, मग रस्त्याकडं बघितलं. "मोटार मागनं टेंपोत येतीया व्हय?"

"कसली मोटार?"

"विजेची! तुम्हीच म्हणालासा की फोनवर. आमची इहिरीवरची जळली न्हवं का गेल्या महिन्यात. म्हटलं, व्याह्यांना कळलं वाटतं. सिमेंटचा कट्टाबी बांधून ठेवलाय. हे गडी उतरवायला बलावल्यात."

आप्पांनी घसा खाकरला आणि गाडीच्या टपावर हात ठेवला. "ही... हीच ती मोटार."

चारही गड्यांनी गाडीकडं बघितलं. त्यातला बांबूवाला म्हणाला, "ही उपसती व्हय पाणी?" आणि मग अंगणात जे हसू फुटलं, ते जत्रेच्या वाजंत्र्यांनाही ऐकू गेलं असेल. प्रभुलिंग भला माणूस, तो सगळ्यांत मोठ्यानं हसला आणि आप्पांच्या पाठीत थाप मारून म्हणाला, "असूंदे, असूंदे!" दाराआड उभी असलेली दानेश्वरी तेवढी हसली नाही. शिवम्मानं ते बघितलं.

गड्यांनी गाडी फिरवून तिचं तोंड रस्त्याकडं केलं. मग आप्पांनी हळूच विषय काढला. गाडी भरायला पाहिजे. जाड पिन बसेल असं बटण कुठं आहे? तसलं बटण घरात एकच होतं, स्वयंपाकघरात, आणि करंट यायचा होता दुपारी. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, असं कुणी म्हणालं नाही. पण महांतेश निमूटपणे वायर जोडत जोडत खिडकीतून अंगणापर्यंत आणत होता आणि त्याच्या तिन्ही बहिणी ते बघत होत्या.

ओसरीवर बसल्याबरोबर दानेश्वरी गूळ-पाणी घेऊन आली. तिनं बापाकडं बघितलं नाही. आप्पांच्या ओठाला पापुद्रे आले होते. त्यांची नजर तांब्यावरून हटेना. तरीही दोन्ही हात जुळले. "आमच्यात चालत न्हाय," ते म्हणाले, "नातू..."

पुढचं घशात कोरड पडल्यामुळं आलं नाही. पण यायची गरजच नव्हती. नणंदांनी नेहमीसारखं बघून घेतलं. दानेश्वरी तांब्या उचलून आत गेली. शिवम्माला वाटलं, हा कोल्हापूरचा शहाणा इथंच उचलावा आणि त्या रिकाम्या सिमेंटच्या कट्ट्यावर नेऊन बसवावा.

जेवणं झाली. पंगतीत पुरणाची होळगी होती, वरून तुपाची धार. वांग्याची भाजी होती. सगळे जेवले, आप्पा भिंतीला टेकून गाडीकडं बघत बसले. शिवम्मा त्यांच्या शेजारी. पतिव्रता! पोटात कावळे, तोंडात वाळू.

आणि करंट आला. अंगणात गाडी घूं करून बोलायला लागली. आप्पांच्या चेहऱ्यावर पाणी प्यायल्यासारखं तेज आलं. "आली! पितीया बघ! संध्याकाळपत्तोर भरती आन् निघतो आपण."

तेवढ्यात गाडी गप झाली. स्वयंपाकघरातून दानेश्वरी बाहेर आली. तिच्या हातात वायरचं टोक होतं.

"आप्पा, ह्यो करंट कुणाच्या घरचा?"

"आं?"

"माझ्या घरचं पाणी चालत न्हाय. करंट चालतोय?"

आप्पा हसले. "खुळी का काय! करंट म्हंजे खाणं-पिणं हाय व्हय? करंट सरकारचा असतोय."

"पाणीबी ग्रामपंचायतीच्या नळाचं हाय, आप्पा."

दानेश्वरीनं आवाज न चढवता वायरचं टोक बापापुढं धरलं. "गाडी भरून न्यायाची असंल तर पाणी प्या. न्हायतर दोन्ही नको. नातू हुंदे म्हणताय. न्हाईच झाला तर? तवर काय मी लेक न्हवं व्हय तुमची?"

आयुष्यात पहिल्यांदा आप्पांकडं माहिती नव्हती. आणि माहिती संपली की माणूस अब्रूवर येतो. ते उठले, धोतर झटकलं, अंगणात गेले. "चल, शिवम्मा. वेशीपत्तोर ढकलत न्हेऊ. फुडच्या गावात भरू."

शिवम्मा उठली नाही.

"चल म्हणतोय न्हवं?"

तिनं लेकीकडं हात केला. "दाने, पाणी दे ग."

"शिवम्मा!"

"दे ग बाई. घाट चढून आलीया मी."

दानेश्वरीनं तांब्या आणला. शिवम्मा तोंड लावून, घटाघटा, नवऱ्याकडं बघत सगळा प्यायली. पाणी हनुवटीवरून चोळीवर सांडलं. एवढं गोड पाणी ती माहेरीही प्यायली नव्हती. तिला आतून असं भरून आलं, की आता हिथनं कुणी ओढून नेलं तरी जाणार नाही, असं वाटलं.

आप्पा गाडीमागं गेले आणि जोर लावला. अंगण उताराचं, येताना उपकार केलेलं, आता उट्टं काढायला बसलेलं. गाडी वीतभर सरकली आणि पुन्हा अंगावर आली. मग दारातून हात घालून स्टेरिंग धरून ढकलून बघितलं. तर गाडी तुळशीकट्ट्याकडं निघाली. तिला मागून ढकलायला एक आणि पुढं बसायला एक, अशी दोन माणसं लागत होती आणि दुसरं माणूस ओसरीवर बसून पदरानं तोंड पुसत होतं. सकाळचे चारही गडी भिंतीला टेकून उभे होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही.

आप्पा किती तरी वेळ टपावर हात ठेवून उन्हात उभे राहिले. घामानं सदरा अंगाला चिकटला होता. पोट ओढलेलं, मान खाली. शिवम्माला त्यांची कीवही आली आणि रागही आला. दोन्ही एकदमच आलं. संसारात तसंच येतं.

मग ते परत आले. ओसरीच्या पायरीवर बसले, वर नाही. लेकीकडं न बघता ओंजळ पुढं केली.

"वत," ते म्हणाले.

दानेश्वरी ओतत राहिली, ते पीत राहिले. एक तांब्या झाला, दुसरा झाला. शेवटी ओंजळ तशीच धरून ते म्हणाले, "लई तहान लागलीती ग." एवढंच. गाडीचं, घाटाचं, रीतीचं काही नाही. प्रभुलिंगानं डोळे पुसले आणि उगाच गड्यांवर ओरडला.

दानेश्वरी आत गेली ती आलीच नाही, म्हणून शिवम्मा मागोमाग गेली. पोर चुलीपाशी उभी होती. ताट मांडलेलं, त्यात होळगी वाढलेली आणि हातात भाजीची पळी तशीच अधांतरी.

"काय झालं ग?"

"अव्वा, आप्पांना तिखट किती चालतंय?" तिचे डोळे वाहत होते. "मी सगळा सैपाक हिथं येऊन शिकले. त्यांनी माझ्या हातचं कवाच खाल्लं न्हाय. मला म्हाईतच न्हाय ग."

शिवम्मानं तिच्या हातातली पळी घेतली, भाजीत बुडवली आणि पुन्हा तिच्याच हातात दिली.

"वाढ," ती म्हणाली. "कसंबी असूंदे. खाईल."