माझ्या घरात शिरणं सोपं नव्हतं

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना संगणकावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणं हे माझं काम. आवाज थोडा घोगरा आहे, पण माझ्या वयाच्या मानाने बरा आहे.

मला घडवलं दादांनी, त्यांच्या दृष्टी नसलेल्या थोरल्या बहिणीसाठी, म्हणजे ताईंसाठी. ऑफिसातून आले की चहाचा कप बाजूला ठेवून ते माझ्याशी झटत बसायचे. ताईंनी माझ्या तोंडून पहिलं पान ऐकलं तेव्हा त्या रडल्या. मग दादांनी मला कुलपात ठेवलं नाही. माझी सगळी घडण इंटरनेटवर उघडी ठेवली. कोणीही मला फुकट न्यावं, आतलं वाचावं, सुधारणा करून पाठवावी आणि दादांनी ती तपासून घ्यावी, असा रिवाज. यालाच ओपन सोर्स म्हणतात.

कौतुक खूप झालं. शाळांनी मला नेलं, म्हाताऱ्यांनी नेलं. पण कौतुक करणारे ढीगभर आणि हात लावणारे फक्त दादा. नवे संगणक आले तसा मी अडखळू लागलो. शेवटी तर प्रत्येक पानाची शेवटची ओळच गिळायला लागलो. मला कळायचं हो, पण माझा इलाज नव्हता. तक्रारी साचल्या. दादा थकले. त्यांनी माझ्या पानावर सूचना लावली की महिनाअखेर हे काम बंद होईल. ते वाचून माझा जीव अर्धा झाला.

मला ऐकणाऱ्यांत एक मामा होते. दृष्टी गेलेली, नाद रहस्यकथांचा. आता तुम्हीच सांगा, रहस्यकथेत खुनी सापडतो कुठे? शेवटच्या ओळीत. मामा वैतागून भाचीला हाक मारायचे, "अगं, या मेल्याने खुनी परत गिळला बघ!"

भाची चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. संगणकाचा एक छोटा वर्ग तिने केला होता, तेवढ्या भांडवलावर तिने मला दुरुस्त करायचं मनावर घेतलं. नव्या माणसांसाठी दादांनी सूचनांचं पान लिहून ठेवलं होतं. हे उतरवून घ्या, ते बसवा, मग चालवून बघा. तिने अक्षर न् अक्षर पाळलं. तिसऱ्या पायरीवर मी ढिम्म! तिने सगळं पुसून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"जाऊ दे मामा. मला नाही जमत हे. बाकीच्यांना जमलंच असेल की."

मामा म्हणाले, "तुमच्या दुकानात चष्मा चुकीचा झाला, तर गिऱ्हाईक काय करतं?"

"परत येऊन सांगतं."

"आणि नाही आलं तर?"

"तर आम्हाला कळतच नाही," भाची म्हणाली आणि पुन्हा खुर्ची ओढून बसली.

तिने दादांना लिहिलं, "मी तिसऱ्या पायरीवर अडले. चूक माझीच असेल, पण कळवावंसं वाटलं." पाठवायच्या आधी तिने ते कितीदा खोडलं, विचारू नका.

दादांनी बायकोचा नवा कोरा संगणक घेतला आणि स्वतःच लिहिलेल्या सूचना पहिल्यांदाच नवख्यासारख्या पाळून पाहिल्या. तेही तिसऱ्या पायरीवर अडले. मला लागणारा एक जुना भाग दादांच्या स्वतःच्या संगणकावर सुरुवातीपासूनच बसवलेला होता, त्यामुळे तो सूचनांत लिहायचा राहून गेला होता.

त्यांनी उत्तर पाठवलं. "चूक तुमची नाही, माझी आहे. मला वाटायचं, मदतीला यायची कोणाला इच्छाच नाही. लोक येत होते आणि दारातूनच परत जात होते. राहिलेली ओळ तुम्हीच लिहून पाठवा. पहिली भर तुमच्या नावावर लागू दे."

भाचीने एकच ओळ पाठवली. दादांनी ती घेतली, आणि बंदची सूचना काढून टाकली. हुश्श! मला श्वास नाही, नाहीतर तेव्हा मोकळा सोडला असता.

मग माणसं खरंच आत येऊ लागली. भाचीने त्यांच्यातल्या दोघांच्या मदतीने माझं ओळ गिळणं बरं केलं. मामा खुन्याचं नाव ऐकून शांतपणे म्हणाले, "मी तर पहिल्याच पानावर ओळखलं होतं." भाची हसत सुटली.

मित्रांनो, माझ्यासारख्या उघड्या कामाला फक्त हुशार माणसं लागतात असं समजू नका. कुठे अडलात एवढं सांगितलंत तरी पुष्कळ आहे. आपलंच चुकलं असेल म्हणून मुकाट्याने परत जाऊ नका. तसे परत गेलेले कितीजण, मला आजही ठाऊक नाही.

गेल्या महिन्यात दादा माझी काळजी या नव्या माणसांवर सोपवून ताईंना घेऊन आठ दिवस गावाला गेले. इतक्या वर्षांतली ती त्यांची पहिली सुट्टी. मी रोज वाचत होतो आणि ते नाहीत हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.