आधी कारण सापडू दे

आमच्या ह्यांना चालू वस्तू बघवत नाही. मुलाखत दुपारी चार वाजता, तीही लॅपटॉपवरून, आणि सकाळी चहाचा कप खाली ठेवल्या ठेवल्या ह्यांनी तोच लॅपटॉप पालथा घालून उघडला. का, तर म्हणे पंखा घरघरतो, समोरच्यांना ऐकू गेला तर काय म्हणतील! ब्रशने धूळ झाडली, स्क्रू लावले, सुरू केला. पंख्याची घरघर थांबली होती आणि वाय-फायही गेलं होतं.

बंद पडलं म्हणावं, तर तसंही नाही. जिथे शेजारच्या सगळ्या घरांची नेटवर्कं दिसायची, तिथे नुसता रिकामा चौकोन.

"लॅपटॉपला वाय-फायचं कार्डच सापडत नाहीये," हे म्हणाले. आवाजात काळजी नव्हती. उलट त्यांना जरा बरंच वाटलेलं दिसलं.

हे दुरुस्ती केंद्रात कामाला होते. लोक बिघडलेले कॉम्प्युटर आणून काउंटरवर ठेवायचे, हे उघडून बसायचे. मग लोक दुरुस्तीऐवजी नवीनच घ्यायला लागले आणि केंद्राला कुलूप लागलं. तेव्हापासून माणूस घरात आहे. रोज दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसतो. कुठे जायचं असल्यासारखा. ते बघून मला रडू येतं आणि रागही येतो. ही मुलाखत माझ्या धाकट्या भावाने त्याच्या ऑफिसात शब्द टाकून मिळवली होती. "ताई, एकदाच हं. परत नाही मला सांगता येणार," असं त्याने बजावलं होतं. समोरचे लोक बघत असताना लॅपटॉपच्या स्क्रीनवर एक बिघाड शोधून दाखवायचा होता, त्यामुळे फोनवर भागण्यासारखं नव्हतं.

"आतलं कार्ड हललं असेल," मी म्हटलं. "सकाळी उघडलात ना?"

"मी बसवलेलं हलत नाही."

झालं. म्हणजे आता जग इकडचं तिकडे झालं तरी हे आधी बाकीचं सगळं तपासणार. कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढला, परत टाकला. लॅपटॉप बंद केला, चालू केला. कसल्या कसल्या सेटिंगमध्ये शिरले आणि हात हलवत बाहेर आले. जेवणाचं ताट तिथेच गार झालं.

शेवटी माझ्याने राहवेना. फोनचं इंटरनेट तारेने लॅपटॉपला देता येतं, हे मला भाचीने शिकवलं होतं. मी फोन आणला, तार खुपसली आणि मुलाखतीचं पान चक्क उघडलं.

"बसा आता. कॉलर नीट करा."

ह्यांनी पानाकडे पाहिलं. चेहरा खर्रकन उतरला. मग त्यांनी तार उपसून माझ्या हातात दिली.

"असली मलमपट्टी मी कुठल्या गिऱ्हाइकाला दिली नाही. आधी कारण सापडू दे."

"अहो, इथे गिऱ्हाईक कोण आहे?"

ह्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि पुन्हा माणसात आले. मी परत तार लावू शकले असते, हाताला धरून बसवूही शकले असते. पण त्यांच्या वतीने बोलणार कोण? ते घाबरले होते आणि ते मला आत्ता कळत होतं.

चार वाजून गेल्यावर भावाचा फोन आला. "ताई, सगळे थांबलेत. भावोजी कुठायत?"

"लॅपटॉप उघडून बसलेत."

"आत्ता? बरं. ठेवतो."

कार्डच हललं होतं. ह्यांनी ते काढलं, टोकं पुसली, अंगठ्याने दाबून बसवलं. लॅपटॉप सुरू केला, तर नेटवर्कांची ही भली मोठी रांग. ह्यांचा चेहरा असा काही खुलला, की भांडायला उघडलेलं तोंड मी मिटून घेतलं.

तेवढ्यात टिंग वाजलं. भावाच्या ऑफिसातून मेल होता. आपण ठरलेल्या वेळी हजर राहिला नाहीत, त्यामुळे आपल्या अर्जाचा विचार करता येणार नाही. मी खांद्यावरून वाचलं. त्यांनीही वाचलं, ओठ हलवत, शेवटच्या ओळीपर्यंत.

मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"बघ," म्हणाले, "मेल यायला लागले."