पाच मिनिटांत पोचतो

"टोचलं," मी म्हणालो.

खरं तर काही म्हणता काही टोचलं नव्हतं. माझे डोळे मिटलेले, आणि बायको उशाशी उभी. डॉक्टरबाई पायाला पिन लावायच्या की ही गुपचूप माझ्या हाताचा अंगठा दाबायची. लबाडी हिची, पण नको म्हणायची हिंमत माझ्यात तरी कुठे होती!

लिफ्ट दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. कुणी आत अडकलं की फोन यायचा. मी जेवत असलो तरी सांगायचो, "घाबरू नका, निघालोय. पाच मिनिटांत पोचतो." ही वाढता वाढता म्हणायची, "अहो, किती थापा माराल!"

त्याच लिफ्टच्या खड्ड्यात पडलो आणि छातीखालचं अंग परकं झालं. मज्जारज्जूची इजा पूर्ण की अपूर्ण, ते आज ठरणार होतं. अगदी बसायच्या जागी जरी थोडी जाणीव उरली असेल, तरी अपूर्ण. मग पुन्हा उभं राहायची आशा धरता येते. काहीच नसेल तर पूर्ण, म्हणजे 'ए' श्रेणी. शाळेत जन्मात कधी 'ए' मिळाला नाही, आणि आता नको तेव्हा दारात हजर!

"ताई, तुम्ही जरा बाहेर बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी अंगठा पाहिला होता.

ही गेली. मी डोळे मिटले, सगळा जीव पायांत गोळा करायला बघितला. कुठलं काय! स्वतःच्याच अंगात कोंडलो होतो, आणि दार वाजवायलाही आत जागा नव्हती. शेवटी न राहवून बोललो, "टोचलं!"

"काका, मी अजून पिन लावलीच नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी मला कुशीवर वळवलं, हातमोजा चढवला. आता शेवटची, सगळ्यात खालची तपासणी.

"करा, मी तयार आहे," मी म्हणालो.

"झाली, काका."

"'ए'?"

"हो," त्या हळूच म्हणाल्या. मला सरळ केलं, चादर नीट केली आणि गेल्या.

ही धावतच आत आली. "काय म्हणाल्या? अपूर्ण ना? अहो, बोला की!"

"घाबरू नकोस," मी म्हणालो. "निघालोय. पाच मिनिटांत पोचतो."

'किती थापा माराल', असं ही या खेपेला म्हणाली नाही. स्टूल ओढून उशाशी बसली आणि माझा अंगठा मुठीत धरून ठेवला.