खुडूक कोंबडी, दोन फूट पाइप आणि मी फुंकणी

"सर, धूर वर जाते म्हणता तुमी, मंग आमच्या घरचा कायले खाली येते?"

नववीच्या भरल्या वर्गात गुंजनने हा प्रश्न विचारला, तेव्हा मागच्या बाकावर टीना आणि मोनाली तोंडात ओढणी कोंबून बसल्या होत्या. पैज त्यांचीच होती. गुंजनच्या वेण्यांना भाजलेल्या वांग्याचा वास येतो, हे त्यांनी आधी सगळ्या वर्गाला सांगून टाकले होते. मग म्हणाल्या, हिंमत असेल तर इंद्रकुमार सरांना विचारून दाखव. इंद्रकुमार सर म्हणजे असे, की त्यांच्या तासाला माशीसुद्धा परवानगी घेऊन उडते.

सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "गरम धूर वरच जातो. तुझा खाली येत असेल, तर कोणीतरी त्याला थंड केलं, अडवलं, नाहीतर वरून ढकललं. कोणी, ते शोध. शनिवारी वर्गाला सांग."

मित्रांनो, मी काही त्या वर्गात नव्हते. मी एक जुनी फुंकणी आहे आणि माझी जागा मुर्री गावातल्या एका कवेलूच्या, म्हणजे कौलारू, स्वयंपाकघरात, चुलीच्या डाव्या अंगाला आहे. पण घरातली प्रत्येक गोष्ट शेवटी चुलीपाशीच येऊन सांगितली जाते. त्यामुळे मला सगळे ठाऊक असते, फक्त कोणी मला विचारत नाही.

माझा जन्म आधी सायकलीत झाला. गुंजनच्या आजोबांच्या सायकलीची आडवी दांडी होते मी. माझ्यावर धानाची पोती गेली, पाहुणे गेले, आणि एकदा तर ताप आलेली बकरीसुद्धा गुरांच्या दवाखान्यात गेली. पुढे सायकल गंजली, आजोबाही गेले, आणि एका वेल्डिंगवाल्याने मला हातभर कापून, एक टोक चेपून गुंजनच्या आईच्या, म्हणजे रुख्मिणीबाईंच्या हाती दिले. आधी मला फार वाईट वाटले. कुठे गोंदियाची सडक आणि कुठे ही राख. पण पहिल्याच दिवशी रुख्मिणीबाईंनी मला ओठांशी धरून अशी एक फुंक मारली, की विझलेली चूल भप्पकन पेटली आणि तिच्यापुढे बसलेले मांजर थेट अंगणात पोहोचले. त्या दिवशी मी सायकलीला विसरले.

या घरात गॅसही आहे. त्यावर चहा होतो आणि पाहुण्यांसमोर पोहे होतात. पण भात, अंघोळीचे पाणी आणि गाईचा कोंडा चुलीवर. चुलीच्या मागून एक रुंद सिमेंटचा पाइप छपरातून बाहेर गेलेला आहे. हे आमचे धुराडे. खूप वर्षे ते चोख काम करायचे. चूल एकदा पेटली की धूर गुपचूप वर निघून जायचा, आणि मी दिवसातून एकदा, फार तर दोनदा कामाला यायचे. उरलेला वेळ खुंटीला लटकून काढायचे. खरे सांगते, मला त्या धुराड्याचा राग यायचा.

मग गेल्या वर्षी स्वयंपाकघराला लागून समोर स्लॅबचे नवे घर झाले. चांगले उंच, वर कठडासुद्धा. ते बांधले गुंजनच्या बाबांचे, म्हणजे चुन्नीलालभाऊंचे, चुलतभाऊ टेकचंद मिस्त्री यांनी. गृहप्रवेशाच्या दिवशीच धूर मागे फिरला. पंगतीला बसलेले सगळे पाहुणे वरणात रडले. आत्याला वाटले भावाचे घर पाहून सर्वांना भरून आले, म्हणून तीही रडली.

टेकचंदकाकांनी खाली उभे राहून पाइपाकडे एक डोळा मिटून पाहिले आणि निकाल दिला. "धुराले एवढा उंच चढाचं म्हणजे तोही थकते ना भाऊ. अर्ध्यातून वापस येऊन राहिला. दोन फूट कमी करून टाकू, रस्ता सोपा होते."

चुन्नीलालभाऊंना हे एकदम पटले. पाइप वरून दोन फूट कापला गेला. धूर दुप्पट झाला. तेव्हा बाबांनी स्वतःची अक्कल चालवली आणि पावसाचे पाणी आत उतरते म्हणून धूर बिघडला असेल असे ठरवून पाइपाच्या डोक्यावर एक मडके पालथे घातले. त्या मडक्यावर, नजर लागली असेल तर तीही जावी म्हणून, चुन्याने डोळे आणि मिशा काढल्या. मिशा बाबांसारख्याच निघाल्या. आता धुराला जायला बोटभर फट उरली, आणि स्वयंपाकघरात सकाळी कोण कुठे बसले आहे ते खोकल्यावरून ओळखावे लागे.

आणि मित्रांनो, मी खूश होते. दिवसातून दहा वेळा मला बोलावणे यायचे. फुंकणी कुठे आहे, फुंकणी आण, फुंकणी दे. खुंटीवर लटकायला सवडच नाही. मी मनात म्हणायचे, टेकचंदकाकांना शंभर वर्षे आयुष्य मिळो.

अशा वेळी गुंजन शाळेतून सरांचे तीन प्रश्न घेऊन आली. आधीची गुंजन पाहुणे आले की दाराआड उभी राहायची. ही निराळीच पोरगी होती. दप्तर फेकले आणि थेट लाकडांच्या ढिगाकडे गेली. पहिला संशय ओल्या लाकडांवर. ओले लाकूड आपला अर्धा जोर स्वतःला वाळवण्यात घालवते, मग धूर थंड आणि आळशी निघतो. तिने गोठ्याच्या माळ्यावरची दोन पावसाळे पाहिलेली धावड्याची लाकडे काढली. जाळ सुरेख झाला. धूर तरी आतच.

दुसऱ्या दिवशी ती शिडी लावून नव्या स्लॅबवर चढली. तिथून पाइप हाताशी येतो. मडके काढले. खालून बाबा ओरडले की नजर लागेल, तर म्हणाली, नजर लागली तर लागू द्या, धूर तर निघू द्या. मग सुतळीला चिंध्यांचा बोळा बांधून तिने पाइपातून वर-खाली ओढला. पसाभर काजळी आणि एका चिमणीचे रिकामे घरटे चुलीत येऊन पडले. धूर थोडा निवळला, पण वारा सुटला की पुन्हा भसाभसा आत. माझी नोकरी वाचली, म्हणून मी सुटकेचा नि:श्वास टाकला. तसा तो माझ्या हातात नसतो, पण टाकला.

उरला तिसरा प्रश्न, ढकलतो कोण. गुंजनने वेणीची लाल रिबीन सोडली आणि पाइपाच्या तोंडाशी बांधली. दुसऱ्या वेणीची रिबीन एका बांबूच्या टोकाला बांधून बांबू कठड्यापेक्षा उंच धरला. वरची रिबीन सरळ आडवी फडफडत होती. खालची मात्र भिंतीला आपटून येणाऱ्या वाऱ्याने गरगर फिरत पाइपाच्या आतच शिरत होती. म्हणजे नवे घर वाऱ्याला अडवत होते, आणि वारा घरावरून उडी मारून थेट आमच्या धुराच्या डोक्यावर बसत होता. पाइप कठड्याच्या वर निघायला हवा होता आणि काकांनी तो उलट खाली आणला होता.

शनिवारी तिने हे वर्गात फळ्यावर चित्र काढून सांगितले. टीनाने रिबिनीच्या प्रयोगाला टाळ्या वाजवल्या. टेकचंदकाकांनी हे ऐकून खूप वेळ डोके खाजवले आणि म्हणाले, मी बी तेच म्हणत होतो. बाबा म्हणाले, मग कापलेला तुकडा जोडून वर आणखी थोडा चढवू.

आता तो तुकडा कुठे होता? गोठ्यात आडवा पडलेला. आणि त्यात आमची पिवळी कोंबडी अकरा अंड्यांवर खुडूक बसली होती.

"तिले कोणी हात लावाचा नाही," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "खुडूक कोंबडी हलवली का अंडी वाया जातात. आठ दिवस राहिले."

गुंजन म्हणाली, "आई, खोकून खोकून तुई हालत पाह्य ना."

"ते बी आईच आहे वं," त्या म्हणाल्या आणि विषय संपला.

तर सगळे घर एका कोंबडीच्या भरवशावर आठ दिवस धुरात बसले. टेकचंदकाका रोज येऊन कोंबडीपुढे उकिडवे बसायचे आणि तिचा काही निरोप आहे का ते पाहायचे. कोंबडी त्यांना चोच मारायची.

पण याच आठ दिवसांत, मित्रांनो, माझा आनंद गेला. कारण एक गोष्ट या घरात फक्त मला कळत होती. रुख्मिणीबाईंचा श्वास रोज माझ्या पोटातून जातो. पूर्वी त्यांची एक फुंक पुरायची, चांगली लांब, शेवटपर्यंत भरलेली. आता ती मध्येच तुटत होती. दोन झाल्या, मग तीन. तिसऱ्या फुंकेनंतर त्या मला मांडीवर ठेवून भिंतीला टेकायच्या आणि विचारले तर म्हणायच्या, धूर आहे ना बाप्पा, धूर गेला की सगळे जाईल. बाबाही तेच म्हणायचे. मी दहा-दहा वेळा कामाला येते म्हणून फुलून गेले होते. ते दहा वेळा माझ्या कौतुकाचे नव्हते. एका वेळेचे काम त्या बाईला आता जमत नव्हते.

नवव्या दिवशी पिल्ले निघाली, अकरांपैकी नऊ. दुपारी टेकचंदकाकांनी तुकडा धुऊन जोडला, त्यावर आणखी एक जोडला, पत्र्याची टोपी चार पायांवर अशी बसवली की पाणी बाहेर आणि धुराला वाट मोकळी. संध्याकाळी चूल पेटवली. धूर एकदा आत डोकावला, मागे वळला आणि सरळ वर निघून गेला. बाबा अंगणात उभे राहून शेजाऱ्यांना हात करून दाखवत होते, जणू तो धूर त्यांनी स्वतः वाढवून मोठा केला होता. पुन्हा ओल्या लाकडांचे नाव नाही आणि दर महिन्याला पाइप साफ, असे गुंजनने सर्वांकडून कबूल करून घेतले.

मी खुंटीवर गेले. नोकरी गेली, आणि नवल म्हणजे मला हलके वाटले.

दोन दिवसांनी सकाळी निखारे राखेत गेले होते. रुख्मिणीबाईंनी मला खुंटीवरून काढले. स्वयंपाकघरात धुराचा मागमूस नव्हता, कवेलूंतून आलेला उन्हाचा कवडसा स्वच्छ दिसत होता. त्यांनी फुंकले. श्वास अर्ध्यावर तुटला. पुन्हा फुंकले, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा माझ्यातून नुसती शीळ निघाली, बारीक, फाटकी. मित्रांनो, मला बोलता येत नाही. मला फक्त शीळ येते, आणि मी ती जेवढी मोठी करता येईल तेवढी केली.

दारात गुंजन वेणी घालत उभी होती. तिचे हात थांबले. ती आत आली, आईच्या हातून मला घेतले आणि एक फुंक मारली. भप्पकन जाळ झाला. तिने माझ्याकडे पाहिले, मग आईकडे.

"आई, कधीपासून?"

"दिवाळीपासून असंन," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "धुरानं होते ते."

"धूर गेला ना पण."

रुख्मिणीबाईंनी भाताचे आधण चुलीवर चढवले. मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी रोज चूल फुंकत असेल, पाणी शेंदत असेल, पायऱ्या चढत असेल. पाइप, कवेलू, कोंबडी, सगळ्यांकडे लक्ष द्या. पण त्या माणसाचा श्वास किती फुंकांचा उरला आहे, तेही कधी कान देऊन ऐका. आम्ही फुंकण्या ते ऐकतो आणि आम्हाला सांगता येत नाही.

त्या संध्याकाळी गुंजन शाळेतून आली आणि दप्तर खाली न ठेवताच बाबांसमोर उभी राहिली. बाबा नव्या टोपीचे वर्णन टेकचंदकाकांना तिसऱ्यांदा ऐकवत होते. आई भात वैरत होती.

"बाबा, आई, दोघं बी ऐका. सोमवारी मी आईले गोंदियाले छातीच्या डॉक्टरकडं घेऊन जाणार आहो. सरांले सांगून झालं. मी तुमाले विचारून नाही राहिली, सांगून राहिली. आन बाबा, त्या दिवशीचा भात तुमी रांधा."